ह्यांचं ऑफिस, माझं हॉटेल

८ जानेवारी

मला घेतलं. हाउसकीपिंगची प्रमुख म्हणून घेतलं. फोन आला तेव्हा मी हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात उशांचे अभ्रे मोजत होते. "हो, येते" एवढंच म्हणाले आणि मग अभ्रे पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागले.

आणि हॉटेल कुठलं, तर चौकातला टॉवर! लहानपणी त्याच्याकडे बघताना मान इतकी मागे जायची की टोपी पडायची. आता त्याच्याहून उंच इमारती झाल्या, पण रस्ता सांगताना लोक अजूनही "टॉवरपासून डावीकडे" असंच सांगतात. विमा कंपनी शहराबाहेर काचेच्या इमारतीत गेली तेव्हापासून तो रिकामाच होता. आमचे हे तिथेच नवव्या मजल्यावर कामाला होते. कंपनी जाताना ह्यांना म्हणाली, तुम्ही आता आराम करा. तेव्हापासून हे आराम करतात आणि स्वयंपाकही करतात. माझ्यापेक्षा बरा करतात.

ह्यांना बातमी सांगितली. "अरे वा, बरं झालं," म्हणाले आणि दोरीवरचे कपडे काढायला गॅलरीत गेले. कपडे अजून ओले होते.

लेकीला फोन केला. ती दुसऱ्या शहरात असते. ती तिकडे इतकी ओरडली की तिच्या ऑफिसातले लोक जमले म्हणे.

१९ जानेवारी

आज पहिल्यांदा आत गेले. डोक्यावर पिवळं हेल्मेट आणि पायात कुणाचे तरी मोठे बूट. चालताना बूट पुढे जायचे, मी मागून.

खालचा हॉल जसाच्या तसा आहे. हिरवट संगमरवर, पितळी दारांच्या लिफ्टा, छताला नक्षी. तो हॉल, मोठा जिना आणि इमारतीचं बाहेरचं रूप यांना हात लावायचा नाही, असा जुन्या वास्तूंच्या समितीचा हुकूम आहे. वर मात्र नुसती धूळ. ऑफिसांच्या भिंती पाडायचं काम चालू आहे. आठव्या मजल्याच्या या टोकाला उभं राहून हाक मारली तर त्या टोकाहून आपलाच आवाज परत येतो. मी मारून पाहिली. मागे इंजिनिअर उभे होते.

या इंजिनिअरांना सगळे होईलसाहेब म्हणतात. काहीही विचारा, "होईल" म्हणतात. कधी, ते विचारायचं नाही. आमची जनरल मॅनेजर माझ्या लेकीच्या वयाची. तिच्या माघारी सगळे छोटी मॅडम म्हणतात. मी तिला अहो-जाहो करते, ती मला करते. लिफ्टच्या दारात "तुम्ही आधी, तुम्ही आधी" करत दोघी उभ्या राहिलो आणि लिफ्ट निघून गेली.

नवव्या मजल्यावरचं भंगार माझ्या देखरेखीखाली काढलं. टेबलं, कपाटं, खुर्च्या. एका खुर्चीच्या पाठीला उशी बांधली होती. बसून बसून तिचा पुठ्ठा झालेला. जेवताना ह्यांना सांगितलं की एवढ्या मोठ्या कंपनीचे लोक काय उशा बांधून बसायचे हो, तेही नाडीने.

"निळ्या नाडीने?" ह्यांनी विचारलं.

हो म्हटलं, निळीच होती. ऑफिसात सगळीकडे एकाच रंगाची नाडी मिळत असणार.

"मग ती खुर्ची कुठे गेली?"

ट्रकात, म्हटलं. अजून कुठे जाणार? ह्यांनी पेल्यात पाणी ओतलं ते काठावरून सांडेपर्यंत ओतत राहिले. हल्ली ह्यांचं लक्ष नसतं.

९ फेब्रुवारी

नमुन्याची खोली तयार झाली. सगळ्या खोल्या आता हिच्यासारख्या करायच्या.

पण या इमारतीत दर पाच पावलांवर खांब. ऑफिसात खांबाला कॅलेंडर टांगलं की संपलं. इथे पाहुणा अंधारात उठला आणि खांबाला मिठी मारून बसला तर? आर्किटेक्ट, होईलसाहेब आणि छोटी मॅडम खांबाभोवती उभे राहून विचार करत होते, जसा काही तो बाजूला होणार आहे. मी म्हटलं, पलंगाची डोक्याची बाजू खांबाला टेकवा आणि दोन्ही अंगांना दिवे लावा. मग खांब मुद्दाम ठेवल्यासारखा दिसेल. करून पाहिलं. खरंच तसं दिसलं. मी मात्र तोंड मिटून उभी राहिले, जसं काही हे मी रोजच करते.

मग पलंग सजवला. चादरीचे कोपरे हॉस्पिटलच्या पद्धतीने घट्ट दुमडले. छोटी मॅडम बूट काढून त्यावर आडवी झाली, छताकडे बघत बराच वेळ पडून राहिली आणि म्हणाली, "मला उठवू नका." हॉस्पिटलात इतकी वर्षं चादरी घातल्या, पण चादर बरी वाटली म्हणून कुणी बोललं नव्हतं. तिथे लोकांना दुसऱ्या चिंता असतात, त्यांचा दोष नाही.

घरी येताना मी जवळजवळ पळतच आले. ह्यांना सगळं हातवारे करून दाखवलं. ह्यांनी ऐकलं. "छान सुचलं तुला," म्हणाले. मग गालावर हात धरून बसले. दात दुखतोय म्हणाले.

२० फेब्रुवारी

बाजारात जायला हे हल्ली नदीकडचा लांबचा रस्ता घेतात. चौकातून गेलं तर टॉवरच्या समोरूनच बाजार, अर्ध्या वेळात. शेजारणीने विचारलं, तुमचे मिस्टर असे वळसा घालून का जातात? मी म्हटलं व्यायाम होतो तेवढाच. या वयात चालणं चांगलं.

दाताच्या डॉक्टरकडे जायला मात्र तयार नाहीत.

४ मार्च

माझ्या हाताखाली आता चाळीस माणसं. लिहितानाही हसू येतं. काल एक जण मला "मॅडम" म्हणाला तेव्हा मी मागे वळून पाहिलं.

पण खरं सांगायचं तर भीती वाटते. सकाळी सगळ्यांसमोर उभी राहून टॉवेल कसे घडी करायचे ते शिकवत असते, आणि आत कुणीतरी म्हणत असतं, बाई गं, तू स्वतः आयुष्यात अशा हॉटेलात एकदाही राहिलेली नाहीस. पाहुण्याला काय हवं असतं ते तुला काय ठाऊक? मग मी ठरवलं की आजारी माणूस आणि थकलेला प्रवासी यांच्यात फार फरक नसणार. दोघांनाही स्वच्छ, ऊबदार आणि शांत हवं असतं, आणि सारखं कुणी दार वाजवलेलं नको असतं. एवढ्यावर सध्या माझं दुकान चाललंय.

आज नवव्या मजल्यावर बाथटब बसवले. एक तर थेट खिडकीपाशी. त्यात झोपून अख्खा चौक दिसतो. घरी येऊन ह्यांना म्हटलं, अहो, तुमच्या मोठ्या साहेबांच्या केबिनच्या शेजारी ती पूर्वेची खिडकी होती ना, तिथे आता टब आहे. लोक तुमच्या ऑफिसात आंघोळ करणार. मला हसू आवरेना.

"पूर्वेच्या खिडकीशी का?" म्हणाले. "उजेड चांगला यायचा तिथे." मग उठून स्वतःचं ताट घासलं, माझंही घासलं. माझं जेवण व्हायचं होतं.

१२ मार्च

लेकीचा फोन. मी अर्धा तास हॉटेलचंच सांगत होते. शेवटी ती म्हणाली, "आई, या सगळ्यावर बाबा काय म्हणतात?" काय म्हणणार, म्हटलं, खूश आहेत. "त्यांना विचारलंस?" विचारायचं काय त्यात? मला वाईट वाटलं तर मी बोलते, त्यांना वाटलं तर ते बोलतील.  मग लेक म्हणाली, "तू बोलतेस गं."

हिला हल्ली कोड्यात बोलायची सवय लागली आहे.

१८ मार्च

उद्घाटनाची तारीख ठरली, ९ एप्रिल. आणि आज पाण्याची भानगड निघाली.

ऑफिस होतं तेव्हा एका मजल्याला दोन स्वच्छतागृहं. आता प्रत्येक खोलीला स्वतःचं. सकाळी सगळे पाहुणे एकदम आंघोळीला गेले तर पाणी सतराव्या मजल्यापर्यंत चढेल का? होईलसाहेब म्हणाले होईल. छोटी मॅडम म्हणाली, करून दाखवा. वरचे मजले कोरडे राहिले तर मालक उद्घाटन पुढे ढकलणार, आणि अर्ध्या माणसांना तोवर घरी बसवणार. हे तिने मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं. माझी तर पाचावर धारण बसली. त्या चाळीसांतल्या कितीतरी जणांनी आधीची नोकरी सोडली आहे. मीसुद्धा.

तर रविवारी परीक्षा. प्रत्येक न्हाणीघरात एक माणूस उभा करायचा आणि वॉकीटॉकीवर खूण झाली की सगळ्यांनी एकदम नळ, शॉवर, टब, फ्लश, जे असेल ते सोडायचं. एवढी माणसं आणायची कुठून? ज्याने त्याने घरचे आणायचे ठरलं. मी ह्यांना म्हटलं, तुम्हीही चला.

"मी कशाला? दात दुखतोय."

फ्लश ओढायला दात कुठे लागतो, म्हटलं. हसले नाहीत. मग मीही चिडले. म्हटलं, गेले दोन-अडीच महिने मी एवढी धावपळ करते, तुम्ही एकदा तिथे पाऊल ठेवलं नाहीत. ह्यांनी विळी आत ठेवली, हात पुसले आणि म्हणाले, "येतो."

२४ मार्च

काय दिवस होता! सगळं नीट क्रमाने लिहिते, नाहीतर पुढे मलाच खरं वाटायचं नाही.

सकाळपासून हॉलमध्ये ही गर्दी. बहिणी, मेहुणे, सासवा, कुणाचे आजोबा. छोटी मॅडम खुर्चीवर चढून सूचना देत होती. मी माणसं वाटत होते, तू पाचवा, तुम्ही सहावा. ह्यांना मुद्दाम नववा दिला, पूर्वेच्या खिडकीची खोली. म्हटलं, बघून तर घ्या. लिफ्टसमोर रांग होती, म्हणून हे जिन्याने गेले. कठड्यावर हात ठेवून, न बघता. त्या जिन्यावर सगळे अडखळतात, पायऱ्या उंच आहेत. हे अडखळले नाहीत.

पहिली खूण झाली. भिंतींच्या आतून असा आवाज आला की जणू इमारतीने घसा खाकरला. आणि चौदाव्यापासून वरचे नळ नुसते खोकले. थेंब नाही. होईलसाहेबांचा चेहरा सिमेंटसारखा झाला. ते तळघरात पळाले, दुसरा पंप चालू केला, कुठली कुठली चाकं फिरवली. अर्ध्या तासाने पुन्हा खूण. सगळे श्वास धरून. मग वॉकीटॉकीवर सतराव्या मजल्यावरून एका सासूबाईंचा आवाज आला, "अहो, मी भिजले."

जिन्यातून जो ओरडा उठला! खालपासून वरपर्यंत लोक टाळ्या वाजवत होते. छोट्या मॅडमने मला मिठी मारली आणि लगेच सोडली, कारण ती मॅनेजर आहे. होईलसाहेबांनी सांगितलं की पाणी थोडा वेळ असंच चालू ठेवा, टब भरू द्या, भरला की बंद करा. मी मजले बघत बघत नवव्यावर आले.

ह्यांच्या खोलीचं दार उघडं. आत नळ धो धो वाहतोय आणि माणूस नाही. बाहेर आले, तर हे लांब पॅसेजच्या मध्यावर नव्या भिंतीसमोर उभे. भिंतीला हात लावून.

मी विचारलं, इथे काय करताय?

"इथे दिवसभर आवाज असायचा," म्हणाले. "टायपिंग, फोन, चहाचे कप, कुणाचं तरी भांडण. मला वाटलं होतं आत आल्यावर नव्या गोष्टी दिसतील. पण आधी कळलं ते हे, की तो आवाज नाही."

मी म्हटलं, तुम्ही कधी बोलला नाहीत.

"तू रोज घरी येऊन सांगायचीस, आज हे पाडलं, ते काढलं, हे ट्रकात घातलं. आणि तुझा चेहरा असा फुललेला. इतक्या वर्षांत तुला तसं पाहिलं नव्हतं मी. मला वाईट वाटतंय म्हणून तू का थांबायचं?"

"मला वाटलं, दात दुखतोय."

"दातही दुखतोच आहे," म्हणाले, आणि तेव्हा मात्र हसले. मग मीही हसले, आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. हेल्मेट सारखं डोळ्यांवर घसरत होतं, नीट पुसताही येईना.

मी म्हटलं, मला दाखवा. तुम्ही कुठे बसायचा, सगळं.

मग ह्यांनी मला त्यांचं ऑफिस दाखवलं. गंमत अशी की जी वाट पूर्वी सरळ होती तिच्यावर आता तीन खोल्या आहेत. एका खोलीत शिरायचं, भिंत आली की बाहेर पॅसेजमध्ये यायचं, पुढच्या खोलीत शिरायचं. "इथे माझं टेबल." तिथे आता पलंग. "इथे आमचा हसरा कॅशियर, त्याला सगळ्यांचे वाढदिवस पाठ." तिथे कपाट. "इथे दुपारी ऊन यायचं, मग सगळे खुर्च्या सरकवायचे." ऊन अजूनही तिथेच येत होतं. मी त्या उन्हात उभी राहिले. ह्यांनी मला जरा डावीकडे सरकवलं. "इथे. आता बरोबर."

किती वेळ गेला कोण जाणे. मग माझ्या कमरेचा वॉकीटॉकी किंचाळला. आठव्या मजल्याच्या छतातून पाणी गळतंय, दिव्यातून धार लागली आहे, नवव्यावर कोण आहे?

नवव्यावर कोण होतं? हाउसकीपिंगची प्रमुख होती आणि तिचे मिस्टर होते, आणि त्यांचा टब केव्हाच भरून वाहत होता. धावलो. न्हाणीघरात घोट्यापर्यंत पाणी. ह्यांनी नळ बंद केला, मी टॉवेल टाकले. तेवढ्यात होईलसाहेब धापा टाकत आले आणि जमिनीकडे बघून तिथेच थबकले. पाणी जमिनीतल्या जाळीतून जायला हवं होतं. जात नव्हतं. जाळी उचलली तर खाली सिमेंट. गवंड्यांनी उरलेलं सिमेंट तिथेच ओतून हात झटकले होते. शेजारची खोली पाहिली, तिथेही तेच. नवव्या मजल्यावर बहुतेक सगळीकडे तेच.

छोटी मॅडम आली. चूक माझी आहे, मी सरळ सांगितलं. नळ चालू ठेवून मी ह्यांच्याशी बोलत बसले. ती ओल्या भिंतीकडे बघत राहिली, मग त्या जाळीकडे. म्हणाली, "तुम्ही बोलत बसला नसता तर हे आपल्याला पाहुण्यांनी सांगितलं असतं." चार पावलं गेली आणि वळली. "पण पुन्हा बसू नका."

२६ मार्च

नववा आणि आठवा मजला उद्घाटनात नाहीत. बाकीचे उघडतील. कुणाला घरी बसावं लागणार नाही. मालक खूप ओरडले, असं कळलं. छोट्या मॅडमने सगळं एकटीने ऐकून घेतलं, माझं नाव काढलं नाही. आज तिचे डोळे लाल होते. मी तिला जबरदस्तीने खाली बसवून अंड्याचं सँडविच खायला घातलं. मॅनेजर असली तरी लेकीच्या वयाचीच आहे.

घरी ह्यांच्याशी कसं बोलायचं ते दोन दिवस कळत नव्हतं. हॉटेलचं सांगावं की नाही? आज मी हॉटेलचा विषय न काढताच जेवत होते. तर हेच म्हणाले, "काय गं, आज काही घडलं नाही तिकडे?" मग सांगितलं सगळं. मध्ये मध्ये हे विचारत होते. जुन्या गोष्टी सांगत होते. होईलसाहेबांना सिमेंट फोडायला माणसं मिळत नाहीत हे ऐकून हे इतके हसले की मलाच थोडं वाईट वाटलं.

७ एप्रिल

लगीनघाई. बसून लिहायला वेळ नाही. पडदे आखूड आले होते, पुन्हा लांब आले. साबण आले. माझा कोट आला, गडद निळा, खिशावर हॉटेलचं चिन्ह. आरशासमोर घालून पाहिला. हे दारात उभे राहून बघत होते. उद्घाटनाला येता का विचारलं. "बघू," म्हणाले. मी आग्रह केला नाही. आता कळतं मला थोडंफार.

९ एप्रिल

उघडलं! फीत कापली, भाषणं झाली, ती लांबली, फुलांच्या कुंड्या दोनदा हलवल्या. दुपारी पहिले खरे पाहुणे आले. एक म्हातारं जोडपं आणि एक बाई, तिच्याकडे फक्त एक छत्री. मी बाराव्या मजल्यावर त्यांच्या उशा सरळ करत होते, तेव्हा पुढच्या दारावरच्या दरवानाने वॉकीटॉकीवर बोलावलं. "मॅडम, इथे एक गृहस्थ आले आहेत. काय काम विचारलं तर म्हणतात, हाउसकीपिंगच्या मुख्य बाईंना भेटायचंय, मी त्यांचा नवरा."

लिफ्टची वाट न बघता जिन्याने खाली आले. हे हॉलच्या मध्यावर उभे. कोट घातलेला, बूट चमकवलेले, मान मागे टाकून छताकडे बघत. जवळ गेले तर म्हणाले, "इतकं चांगलं छत होतं आमच्याकडे? मी कधी मान वर करून पाहिलंच नव्हतं."

अहो, एवढी वर्षं इथे होतात ना?

"आम्ही मागच्या गल्लीतल्या दाराने यायचो. पुढचं दार साहेब लोकांसाठी. त्या रविवारीही तुझ्याबरोबर मागूनच आलो. या फिरत्या दारातून मी आज पहिल्यांदा आलो. एकदा चुकून परत बाहेरही गेलो."

मी हसून म्हटलं, मला तरी कुठे पुढून येता येतं? आम्हा स्टाफलाही मागच्याच दाराने यावं लागतं.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या कोटाकडे पाहिलं. मग हॉलमधल्या पाहुण्यांसमोर, दरवानासमोर माझा हात धरला. आमचे हे रस्त्यातही कधी हात धरत नाहीत. "चल," म्हणाले.

मी नको नको म्हणत होते. काउंटरपाशी छोटी मॅडम उभी होती. तिने आम्हाला पाहिलं आणि पाठ फिरवून फुलं नीट करायला लागली. ती फुलं चांगली नीटच होती. दरवानाने दार ढकललं. एकामागून एक वेगवेगळ्या कप्प्यांत शिरायचं सोडून आम्ही एकाच कप्प्यात शिरलो, दोघं कोटासकट, आणि छोटी छोटी पावलं टाकत बाहेर निघालो. बाहेर चौकात ऊन होतं, गाड्यांचा आवाज होता. ह्यांनी क्षणभर वर पाहिलं, सतराव्या मजल्यापर्यंत.

"हं," म्हणाले, "आता पाहुण्यांसारखे आत जाऊ. तू पुढे हो. हॉटेल तुझं आहे."